तारकर्लीच्या रिसॉर्टात दर शनिवारची सुपारी: साउंड, वीज, पट्टी, यादी याबद्दल सल्ला हवा

चौथी_तार

नमस्कार मंडळी. कुडाळचा आमचा पाच जणांचा कव्हर बँड आहे. तारकर्लीतल्या एका रिसॉर्टच्या परमिट रूमला लागून असलेल्या अंगणात नोव्हेंबरपासून दर शनिवारी साडेसात ते पावणेदहा वाजवायचं ठरतंय. मागच्या आठवड्यात चाचणी म्हणून तासभर वाजवलं आणि बऱ्याच गोष्टी अडल्या. जाणकारांनी मार्ग सांगावा.

माणसं: गायक (अकूस्टिक गिटार तोच वाजवतो), गायिका, कीबोर्ड, बेस (मी) आणि ऱ्हिदमला एकच जण. त्याच्याकडे रोलँडचा एसपीडी-२० ऑक्टापॅड, काहोन (ज्यावर बसून हाताने वाजवतात तो लाकडी खोका) आणि सातआठ गाण्यांना तबला.

सामान: १२ इंची दोन पॉवर्ड स्पीकर, १२ चॅनेलचा अॅनालॉग मिक्सर, शुअरचे तीन एसएम५८ माइक, गायकांसमोर एक १० इंची मॉनिटर (गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर), माझा बेस अँप.

जागा: अंगण १५ मीटर लांब, १० मीटर रुंद. वर पत्रा. पूर्वेची लांब बाजू चिऱ्याची भिंत, बाकी तीन बाजू उघड्या. १४ टेबलं. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला भिंतीपलीकडे रस्ता आणि माडांत घरं. सगळ्यात जवळचं घर साधारण ४० मीटरवर. आम्ही उत्तरेच्या आखूड बाजूला बसलो होतो.

अडचणी:
गायिकेचा आवाज वाढवला की शीळ येते. गिटारला घरघर आहे, आणि गिटार हातात असताना ओठ माइकला लागला की झिणझिण्या येतात. वीज गेली आणि जनरेटर लागला की कीबोर्ड पुन्हा उभा राहीपर्यंत सगळे थांबून राहतात. पुढच्या टेबलांना एकमेकांशी बोलता येत नाही, शेवटच्या टेबलांना गाण्याचे शब्द कळत नाहीत. शिवाय गाण्यांची यादी कशी लावावी आणि परवानगी कोणी काढायची, हेही सांगा.

फेज_न्यूट्रल

बाकीचं नंतर. झिणझिण्या येतात त्या सॉकेटवर पुन्हा वाजवू नका. वायरमनकडून मल्टीमीटरने तीन आकडे घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. ते इथे टाका, सविस्तर मग लिहितो. आणि कोणी थ्री पिनचा अर्थचा पाय काढून घरघर घालवायला सांगेल, तर ऐकू नका. घरघर जाईल, पण माणूस आणि विजेच्या मध्ये काही उरणार नाही.

चिऱ्याची_भिंत

चौथी_तार, तुमच्या पाचपैकी दोन अडचणी फक्त बसण्याची जागा बदलून निम्म्या होतील.

आखूड बाजूला बसल्यामुळे पहिलं टेबल स्पीकरपासून ३ मीटरवर आणि शेवटचं १४-१५ मीटरवर पडतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ३ मीटर ते १५ मीटर म्हणजे सुमारे १४ डेसिबलचा फरक. पत्रा थोडं परत फेकतो म्हणून प्रत्यक्षात फरक जरा कमी भरेल, पण एका टेबलाला कानठळ्या आणि दुसऱ्याला कुजबुज हे त्यातूनच येतं. बँड पूर्वेच्या लांब भिंतीला पाठ करून, भिंतीच्या मधोमध बसवा. मग सगळ्यात लांबचं टेबल दहा-अकरा मीटरच्या आत येतं.

दुसरा फायदा याहून मोठा. स्पीकरची तोंडं समुद्राकडे होतात आणि घरांच्या बाजूला चिऱ्याची भिंत उभी राहते. किनाऱ्यावर संध्याकाळी बहुतेक वेळा वारा समुद्राकडून जमिनीकडे असतो. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज वरच्या थरातल्या वेगवान वाऱ्यामुळे खाली वाकतो आणि लांबवर ऐकू येतो. म्हणून समुद्राकडे पाठ करून वाजवलेलं गाणं घराघरात जातं. तोंड समुद्राकडे असेल तर निदान उंच सूर तरी तिकडे निघून जातात. देवबागात मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि पाण्यावरून आवाज फार लांब जातो. तिथे वाजवायची वेळ आली तर पलीकडच्या काठावर जाऊन ऐकून या.

भिंतीला पाठ केली की एक नवी अडचण येते. मॉनिटरचा आवाज गायकाला ओलांडून चिऱ्यावर आपटतो आणि माइकच्या तोंडातच परत येतो. गायकांच्या मागे ३ मीटर रुंद, २ मीटर उंच अशी जाड सतरंजी किंवा दुहेरी गोधडी टांगा. भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर सोडा. पातळ नायलॉनच्या पडद्याने काही होत नाही.

स्पीकर: भिंतीपासून दीड मीटर पुढे आणि माइकच्या रेषेच्या निदान १ मीटर पुढे. भिंतीच्या कोपऱ्यात कधीच नको, कोपरा खालचा आवाज फुगवतो आणि शब्द बुडतात. हॉर्न (स्पीकरमधला उंच सुरांचा भाग) जमिनीपासून २ मीटरच्या आसपास ठेवा आणि स्पीकर किंचित खाली कलता करून मागच्या टेबलांवर रोखा. पहिल्या टेबलांच्या डोक्यावरून आवाज गेला की त्यांना बोलता येतं. अंगण वाळूचं असेल तर ट्रायपॉडच्या प्रत्येक पायाखाली फूटभर लांबीरुंदीची १२ मिलिमीटर प्लायची फळी आणि पायावर वाळूची पिशवी. नाहीतर दोन तासांत एक पाय रुततो आणि स्पीकर टेबलाकडे झुकतो.

आता शीळ. एसएम५८ हा कार्डिऑइड माइक आहे. तो सगळ्यात कमी ऐकतो ते थेट आपल्या शेपटीच्या बाजूचं. म्हणून मॉनिटर माइकच्या शेपटीच्या बरोबर समोर हवा, आणि स्टँडवरचा माइक असा कलता हवा की शेपटी मॉनिटरकडे बघेल. दोन गायकांमध्ये एकच मॉनिटर असल्याने तो दोघांच्याही बाजूला पडत असणार. दुसरा मॉनिटर मिळवा, भाड्याने चालेल. माइकची जाळी मुठीत धरायची नाही. मूठ बसली की माइक मागूनही ऐकायला लागतो. ओठ ते जाळी दोन ते तीन बोटं. अंतर निम्मं केलं की सुमारे ६ डेसिबल फुकट मिळतात, तेवढे गेन वाढवून मिळणार नाहीत.

मॉनिटरला जाणारी ऑक्सची वाट प्री-फेडर ठेवा (म्हणजे चॅनेलचा फेडर, आवाजाची सरकती कळ, हलवला तरी ती बदलत नाही) आणि त्यात फक्त गाणाऱ्याचा स्वतःचा आवाज आणि थोडा कीबोर्ड सोडा. रिव्हर्ब मॉनिटरमध्ये अजिबात नको. सुरू असलेले माइक दुप्पट झाले की शीळ यायच्या आधीची मोकळी जागा ३ डेसिबलने आटते, म्हणून तिसरा माइक वापरात नसेल तेव्हा म्यूट.

शीळ शोधायची पद्धत: मंडळी यायच्या आधी गायिकेचा फेडर हळूहळू वर न्या. जिथे सूर धरू लागेल तिथे थांबा. मिडच्या (मधल्या सुरांच्या) कळीने ६ डेसिबल वाढवा आणि तिची जागा बदलणारी स्वीपची कळ फिरवा, ज्या जागी ती शीळ चटकन उसळते ती जागा मिळाली, आता तिथेच ४ ते ६ डेसिबल कापा. बारीक शीळ बहुधा २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते, घोंघावणं २०० ते ४०० हर्ट्झमध्ये. तीनचार ठिकाणांपेक्षा जास्त कापू नका. तोवर आवाजच पोकळ होतो, आणि इतकं कापावं लागत असेल तर चूक मॉनिटरच्या जागेत आहे. दोन्ही गायकांच्या चॅनेलवर लो कट (खालचे सूर कापणारं बटण) दाबलेला हवाच.

गिटार घोंघावत असेल तर साउंडहोलवर रबरी झाकण बसवा.

शेवटचं आणि माझ्या मते मुख्य. बेस अँप बंद करा, डीआयने (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी) मिक्सरमध्ये या. खाण्याच्या जागी बँडची पातळी ठरवतं ते सगळ्यात मोठं आणि कमी न करता येणारं वाद्य. तुमच्याकडे ते काहोन आहे. काहोन हलक्या हाताने वाजवा, बेस त्याच्या किंचित खाली, कीबोर्ड त्याच्या खाली, आणि मग आवाज या सगळ्यांच्या वर. या क्रमाने जुळवलं तर पहिल्या टेबलाशी ८० ते ८५ डेसिबल पुरतात. मोबाइलवरचं अॅप अंदाजापुरतं चालेल. उलट्या क्रमाने, म्हणजे आवाज आधी आणि मग बेस वाढव, मग काहोन वाढव, असं केलं की ९५ कधी झाले ते कळत नाही.

गट्टा_हातोडी

वरच्या जागेच्या सल्ल्याशी सहमत. पण दहा मीटर मोकळ्यावर काहोनचा घुमा पोचत नाही, नुसता टपटप आवाज जातो. मागच्या भोकापाशी माइक लावा आणि जमलं तर १२ इंची एक छोटा सबवूफर घ्या. तिसऱ्या सेटला लोक उठून नाचतात ते खालच्या ठोक्यावर.

तबल्याबद्दल. किनाऱ्याच्या दमट हवेत पुडी (तबल्याचं कातडं) ओल धरते, सैल पडते आणि सूर उतरतो. घरून काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावून आणलेला तबला तारकर्लीत उतरल्यावर अर्धा सूर खाली सापडतो. म्हणून पोचल्यावर पिशवीतून काढून अर्धा तास तिथल्या हवेत ठेवा आणि मगच लावा. आधी गट्ट्यांनी (वादीखालचे लाकडी ठोकळे) मोटामोटी, मग गजऱ्यावर (पुडीच्या काठाची वेणी) हातोडीचे हलके ठोके, समोरासमोरच्या घरांवर (वाद्यांमधल्या जागांवर) आळीपाळीने. एकाच बाजूने ठोकत गेलात तर पुडी वाकडी ताणते. पहिल्या सेटनंतर पुन्हा तपासा, सूर्य मावळल्यावर ओल आणखी वाढते. सातआठ गाण्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतील तर एका तबल्यात भागणार नाही. तबल्याची गाणी एकाच पट्टीत बसवा किंवा षड्जाऐवजी पंचमाला लावून दोन पट्ट्या साधा. काळी एकच्या गाण्याला काळी चारचा तबला बसतो.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गिटारच्या साध्या तारा दोनतीन आठवड्यांत खडबडीत होतात. लेपाच्या तारा महाग असल्या तरी इथे परवडतात. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्यांचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर सुकवा. हार्मोनियम नेत असाल तर तिची पेटी वाऱ्यात उघडी टाकू नका, पितळी सूर हिरवे पडतात.

माइकच्या केबलच्या पिना आणि जॅक महिन्यातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने. दारं-बिजागऱ्यांना मारायचा तेलकट स्प्रे वापरू नका, त्यावर वाळूची बारीक पूड बसते. खरखर करणारी कळ बहुतेक वेळा फक्त मिठाने धरलेली असते. क्लीनर मारून वीसपंचवीस वेळा पूर्ण फिरवली की सुटते.

माइकवर फोमची टोपी घाला, वाऱ्याचा भरभर आवाज जातो आणि मीठही जाळीपर्यंत पोचत नाही. टोप्या वायंच जास्त घ्या, दर आठवड्याला धुवायला लागतात.

चिऱ्याची_भिंत

@गट्टा_हातोडी, काहोनला माइक, मान्य. भोकाच्या तोंडात घालू नका, चार बोटं बाहेर आणि किंचित तिरका. पण सबवूफरला या जागी माझा ठाम नकार आहे. भिंत आणि स्पीकरची पाठ वरचे सूर अडवतात, खालचे नाही. ८० हर्ट्झची लाट चार मीटरहून लांब असते, ती भिंतीला वळसा घालून जाते. चाळीस मीटरवरच्या घरात शब्द ऐकू येणार नाहीत, फक्त धप धप ऐकू येईल, आणि तक्रार त्याचीच होते. ही दर शनिवारची सुपारी आहे. गावाने दोनदा तक्रार केली की रिसॉर्टवाला बँडच बंद करतो.

हिशेब पाहा. स्पीकरपासून ३ मीटरवर ८५ डेसिबल. ६ वर ७९, १२ वर ७३, २४ वर ६७, ४८ वर ६१. ही भिंत नसतानाची गोष्ट, भिंत आणि पाठ मिळून आणखी उतरेल. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा, म्हणजे रात्री १० पर्यंत, मर्यादा ५५ डेसिबल आहे, व्यापारी भागात ६५. खासगी जागेच्या हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा ५ हून जास्त चालत नाही. म्हणजे ८५ ला तुम्ही काठावर आहात. पहिल्या शनिवारी एकाने दुसऱ्या सेटला त्या घराच्या पडवीपर्यंत चालत जावं आणि कानाने ऐकावं.

काळी_चार

यादीबद्दल मी लिहिते.

साडेसात ते पावणेदहा म्हणजे १३५ मिनिटं. ३५ मिनिटांचे तीन सेट आणि मध्ये पंधरा पंधरा मिनिटांच्या दोन विश्रांती, बरोबर बसतं. एका सेटमध्ये सात ते आठ गाणी. म्हणजे तेवीस गाणी पक्की आणि पाच राखीव, एकूण अठ्ठावीस. चित्रपटगीत मूळ लांबीचं वाजवायची गरज नाही. दुसरं अंतरासंगीत निम्मं करा, गाणं साडेतीन ते चार मिनिटांत आटोपतं. पाच माणसांच्या बँडला व्हायोलिनच्या ताफ्याची जागा भरता येत नाही, आणि कीबोर्डच्या स्ट्रिंग्जवर लांबलेला तुकडा नेमका तिथे उघडा पडतो.

पहिल्या सेटला लोक मासे मागवत असतात, मुलं सोबत असतात. तिथे संथ हिंदी, भावगीतं, गजलेच्या अंगाची गाणी, काहोनऐवजी तबला. ठळक ताल असलेलं गाणं पहिल्या अर्ध्या तासात ठेवूच नका, वाया जातं. दुसऱ्या सेटला मध्यम लय, गिटारवरची इंग्रजी गाणी इथे तीनचार बसतात. पुण्याकोल्हापूरच्या टेबलांवर ती चालतात, बेळगावच्या टेबलावरून हमखास एखादी कानडी फर्माईश येते, एक तरी बसवून ठेवा. तिसरा सेट कोळीगीतांचा आणि नाचायच्या गाण्यांचा. कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांचा झुलता, बाकीची नाचाची गाणी चारच्या घरातली. त्यांची सरमिसळ केलीत तर नाचणाऱ्यांचे पाय दर गाण्याला अडखळतात. तीनचार कोळीगीतं ओळीने, मध्ये न थांबता, मग दुसरा ठेका.

दोन गाण्यांमध्ये पंधरा सेकंदांहून जास्त शांतता नको. ती लांबते याचं कारण नेहमी एकच: पुढचं गाणं कोणत्या पट्टीत आणि कोण सुरू करणार हे कोणाला तरी आठवत नाही. म्हणून छापील यादीत प्रत्येक गाण्यापुढे इतकं हवंच: पट्टी, कॅपो (गिटारच्या मानेवरचा चिमटा) कितव्या पडद्यावर, लय, ऑक्टापॅडचा पॅच (आवाजाचा संच) क्रमांक, कीबोर्डचा टोन आणि ट्रान्सपोज (पट्टी बदलण्याची सोय), सुरुवात कोणाची. अक्षरं मोठी, कागद प्लास्टिकच्या पाकिटात. ट्रान्सपोजचं बटण आधीच्या गाण्यातून तसंच राहणं ही कीबोर्डवाल्यांची सगळ्यात मोठी चूक, आणि ती पहिल्या स्वरालाच सगळ्यांना ऐकू येते.

पट्ट्या. मूळ गाण्याच्या पट्टीचा हट्ट सोडा. गायिकेला तिसऱ्या सेटमध्ये, दीड तास गाऊन झाल्यावर, जो वरचा स्वर सहज लागतो त्यावरून पट्टी ठरवा. सकाळी घरी रियाजात लागतो त्यावरून नको. बहुतेक वेळा मूळपेक्षा दोन-तीन अर्धसूर खाली यावं लागतं. युगुलगीतात खाली आणलं की गायकाचे खर्जातले शब्द विरतात. तिथे दोघांनी गाऊन बघून मधली पट्टी पकडा, किंवा गायकाने त्याच्या ओळी वरच्या सप्तकात घ्याव्यात. गिटारसाठी सोपं सूत्र: काळी एकला कॅपो पहिल्या पडद्यावर आणि सीच्या कॉर्डचे आकार, काळी दोनला तिथेच डीचे, काळी चारला जीचे, काळी पाचला एचे. काळी तीनला मात्र कॅपो दुसऱ्या पडद्यावर आणि ईचे आकार. चौथी_तार, तुमच्या चार तारांच्या बेसला काळी दोनचा खालचा सा मिळणार नाही, वरच्या सप्तकात घ्या किंवा ते गाणं अर्धा सूर वर न्या.

जुनी ध्वनिमुद्रणं पुष्कळदा दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी असतात. मोबाइलवर लावून त्याला वाद्य जुळवायला गेलात तर कीबोर्डशी कधीच जमणार नाही. कीबोर्ड ४४० हर्ट्झला (ए स्वराची प्रमाण उंची) ठेवा, बाकी सगळे त्याला मिळवा.

फर्माईश चिठ्ठीवर घ्यायची आणि वेटरमार्फतच. येत नसलेलं गाणं येत नाही असं हसून सांगा. अर्धवट येणाऱ्या गाण्याचा मुखडा आणि एकच अंतरा, नेटका, बस्स. माइक मागणाऱ्या पाहुण्याला काय सांगायचं हे मॅनेजरशी आधी ठरवा आणि ते त्याच्याच माणसाने सांगावं. अनोळखी हातात माइक गेला की तो स्पीकरसमोर जातो किंवा जमिनीवर पडतो, आणि गाणारीच्या हातून माइक ओढला जाऊ नये याची जबाबदारी रिसॉर्टची आहे, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. गायिकेची बसायची, पाणी प्यायची आणि कपडे बदलायची जागा बारपासून वेगळी मागून घ्या.

शिडाची_होडी

परवानगी आणि व्यवहार.

ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते, ती जागेच्या मालकाने काढायची. त्याची झेरॉक्स तुमच्या फाइलमध्ये ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला जी सवलत आहे ती तुमच्या तीन बाजू उघड्या अंगणाला लागू होत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, ते दिवस आधी जाहीर होतात. ३१ डिसेंबरची सुपारी घेण्याआधी त्या वर्षीची जिल्ह्याची यादी बघा. तुम्ही पावणेदहाला संपवताय ते उत्तम. शेवटचं गाणं साडेनऊला सुरू झालं पाहिजे, म्हणजे 'एक और' ला जागा राहते.

गाण्यांच्या हक्कांचं: दुसऱ्यांची गाणी व्यावसायिक जागी लाइव्ह वाजवताना शब्द आणि संगीताच्या सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडून लागतो. विश्रांतीत मोबाइलवरून लावलेल्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तो बऱ्याच लेबलांसाठी (ध्वनिमुद्रण कंपन्यांसाठी) पीपीएल या संस्थेकडे असतो. लग्नाच्या आणि धार्मिक विधीच्या कार्यक्रमाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे म्हणून रिसॉर्टलाही असेल असं अनेकजण धरून चालतात, ते चूक आहे. हे परवानेही रिसॉर्टने काढायचे, आणि करारात तशी ओळ हवी. वाजवलेल्या गाण्यांची यादी तारखेसह जपून ठेवा.

करार एका पानाचा पुरे. त्यात हे असू द्या: वेळ आणि सेट, मानधन किती आणि कधी (त्याच रात्री, सामान गुंडाळण्याआधी), विसार किती, रद्द झालं तर किती दिवस आधी कळवायचं आणि विसाराचं काय, पाच जणांचं जेवण, वीज, अर्थिंग आणि जनरेटरची जबाबदारी, पाऊस आला तर सामान हलवायला माणसं. रिसॉर्ट कंपनी असेल तर टीडीएस कापेल. पॅन कोणाचा द्यायचा हे आधी ठरवा आणि कापल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. मानधन ठरवताना कुडाळ ते तारकर्ली जायचे-यायचे मिळून सत्तरेक किलोमीटर, दुसऱ्या मॉनिटरचं भाडं, तारा आणि केबलची झीज हे आधी बाजूला काढा आणि उरलेल्याचे पाच भाग करा. सामान ज्याचं आहे त्याला सहावा भाग द्यायचा की नाही, हे पहिल्या महिन्यातच बोलून घ्या.

तारखा लावताना कोरडे दिवस बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला बार बंद, आणि निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तासही. शनिवार त्यात आला तर कार्यक्रम होणार का, हे महिनाभर आधी विचारा. गणपतीत वादक मिळणार नाहीत, सगळे आपापल्या वाडीत भजनाला असतात. जून ते ऑगस्ट पर्यटक कमी आणि पत्र्यावर पावसाचा आवाज तुमच्या स्पीकरहून मोठा. करार नोव्हेंबर ते मेअखेर असा करा.

पुढे मागे दापोली आणि गुहागर अशा जोडसुपाऱ्या आल्या तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीची शेवटची वेळ त्याच दिवशी फोन करून विचारा. चुकली की खेड-चिपळूणवरून मोठा वळसा.

एक विनंती. नोव्हेंबर ते मार्च हा कासवांचा अंडी घालण्याचा काळ. तुमचं तोंड पश्चिमेला होणार म्हणजे बँडच्या मागचे दिवे समुद्राकडे बघतील. ते लावू नका. समोरून, वरून, बँडवर पडणारे पिवळट दिवे पुरेत. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि पाण्याऐवजी वर येतात.

चौथी_तार

सगळ्यांचे मनापासून आभार. जागा बदलतोय, सबवूफर नाही, बेस डीआयने. वायरमनने घेतलेले आकडे: फेज-न्यूट्रल २२४, फेज-अर्थ ११८, न्यूट्रल-अर्थ १०४. सॉकेट १६ अँपिअरचं आहे, बारच्या डीप फ्रीझरच्या लाइनवर.

फेज_न्यूट्रल

या सॉकेटला अर्थच नाही. अर्थची तार जागच्या जागी असती तर फेज-अर्थ २२४ च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ दोनतीन व्होल्टच्या आत आलं असतं. दोन्ही आकडे मध्येच लोंबकळतायत म्हणजे तार कुठेतरी तुटली आहे किंवा अर्थच्या खड्ड्यापर्यंत गेलेलीच नाही. तुमच्या अडॅप्टरची आणि कीबोर्डची गळती गिटारच्या तारांवर येऊन बसते आणि ओठातून वाट काढते. गिटारची घरघरही बहुधा हीच.

वायरमनला सांगा: सॉकेटपासून मुख्य बोर्डापर्यंत अर्थची सलगता तपास. ती बरोबर निघाली तर खड्डा बघ. खाऱ्या जमिनीत पट्टीचा जोड गंजून सुटतो, आणि वाळूचा खड्डा कोरडा पडला की अर्थ नावापुरतं उरतं. काम झाल्यावर पुन्हा तेच तीन आकडे. न्यूट्रल-अर्थ अगदी ०.० दाखवत असेल तर खूश होऊ नका. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून मोकळे होतात. सॉकेट उघडून डोळ्यांनी बघा. ती जोडणी फार धोक्याची आहे, न्यूट्रल सुटली की सगळ्या सामानाच्या अंगावर २३० व्होल्ट येतात.

बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवा. त्याचं टेस्ट बटण दर शनिवारी दाबून बघा, पडला पाहिजे.

डीप फ्रीझरची लाइन नको. कॉम्प्रेसर लागला की स्पीकरमध्ये ठप्प आवाज येतो आणि व्होल्टेज क्षणभर बसतं. वेगळी लाइन मागा. तुमचं सगळं सामान मिळून सरासरी ५०० वॉटच्या आतच खाईल, स्पीकरवर लिहिलेले हजार वॉट हे क्षणिक उसळीचे असतात. त्यामुळे एक १६ अँपिअरचं सॉकेट पुरतं, आणि सगळं साउंडचं सामान त्या एकाच सॉकेटवरून घ्यायचं. स्पीकर इकडून, मिक्सर तिकडून असं केलं आणि दोन सॉकेट दोन फेजवर असले तर घरघर तर येतेच, बिघाड झाला तर दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. दिवे दुसऱ्या लाइनवर. एक्स्टेन्शन २५ मीटरचं असेल तर तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर तार, आणि रिळावर गुंडाळलेली ठेवू नका, तापते. पूर्ण उलगडा. माइकची केबल विजेच्या तारेला काटकोनात ओलांडू द्या, शेजारून नेऊ नका.

अर्थ नीट झाल्यावरही घरघर उरली तर गिटारची केबल काढून बघा. थांबली तर गिटार किंवा तिची केबल. नाही थांबली तर एकेक चॅनेल काढत जा. कीबोर्ड किंवा बेसमुळे असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा, त्याने सिग्नलची अर्थ तुटते, विजेची नाही, म्हणून ते सुरक्षित आहे. खोल गुणगुण ५० हर्ट्झची असते, ती अर्थच्या वेटोळ्याची. करकरीत भुणभुण असेल तर दिव्यांचे डिमर आणि स्वस्त अडॅप्टर शोधा.

जनरेटरसाठी कीबोर्ड, मिक्सर आणि ऑक्टापॅड यांना मिळून ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. स्पीकर त्यावर नको. वीज गेली की ऱ्हिदमवाल्याने काहोनवर ठेका सुरू ठेवावा, गायकाने माइकविना टाळ्या घेत मुखडा म्हणावा, आणि एका ठरलेल्या माणसाने ताबडतोब दोन्ही स्पीकरची बटणं बंद करावीत. जनरेटर लागताना जो झटका येतो तो स्पीकरला लागू द्यायचा नाही. जनरेटर स्थिर झाला, व्होल्टेज २१० ते २४० मध्ये दिसलं, की मास्टर खाली करून स्पीकर सुरू, मग मास्टर हळू वर. रोज सुरू करतानाही स्पीकर शेवटी, बंद करताना आधी. जनरेटरवर गेल्यानंतरही न्यूट्रल-अर्थ एकदा मोजून घ्या. बऱ्याच जागी जनरेटरचं न्यूट्रल अर्थला जोडलेलंच नसतं, आणि मग आरसीसीबी असूनही पडत नाही.